स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि तापणारं घर : एकदाच तोडफोड करायची आहे, सुचवा

ओटाबदलू

नमस्कार मंडळी. घर पंचवीस वर्षांचं झालंय. सगळ्यात वरचा मजला, त्यामुळे डोक्यावर थेट गच्ची. स्वयंपाकघराचा ओटा एका बाजूने खचलाय, ड्रॉवर ओढला की हातात येतो. न्हाणीघरात एका कोपऱ्यात कायम पाणी साचतं, पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल आलीय. उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजतासुद्धा झोपायच्या खोलीची भिंत हाताला कोमट लागते.

पैसे बेताचे आहेत. तोडफोड मात्र एकदाच करायची, पुन्हा पुन्हा धूळ खायची तयारी नाही. गेले दोन महिने रोज रात्री सुंदर सुंदर फोटो बघतोय आणि दर रात्री मत बदलतोय. काल पांढरं स्वयंपाकघर हवं होतं, आज गडद हिरवं हवंय. कुठून सुरुवात करू? तुम्ही काय केलंत, काय चुकलं, तेच आधी सांगा.

---

तिरकस

फोटो बघणं बंद करा, ही सुरुवात. त्या फोटोंमधल्या ओट्यावर कधी ओलं फडकं दिसलंय का? तेलाची बाटली? घासायची भांडी? नाही ना? मग ती स्वयंपाकघरं नव्हेत, शोकेसं.

---

साडेपाचफुटी

तिरकस +१.

रंगाच्या आधी ओट्याची उंची ठरवा. आमच्याकडे सुताराने "सगळीकडे हीच ठेवतात" म्हणून ठेवली आणि मी आठ वर्षं वाकून काम केलं. सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात दुमडायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. त्याच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली चिरायची-कापायची पातळी. शेगडीची पातळी त्याहून थोडी खाली असली तर बरी, कारण तिथे भांड्याची उंची वर येते.

आता जे कोणी सांगत नाही ते : सिंकमध्ये हात ओट्याच्या पातळीला नसतात, तळाशी असतात. खोल सिंक दिसायला भारी, पाणीही बाहेर उडत नाही, पण बुटक्या ओट्यात खोल सिंक बसवलं की भांडी घासताना कंबर मोडते. मी घरी काय केलं, तर जेवायच्या टेबलावर पुस्तकांची चळत रचली, वर पाट ठेवला आणि दोन दिवस त्यावरच सगळं कापलं. चळतीत एक पुस्तक कमी, एक जास्त. आमची उंची अशी ठरली, कॅटलॉग बघून नाही.

---

ओटाबदलू

पुस्तकांची आयडिया भन्नाट! पण आमच्यात एक पाच फुटांवर आणि एक पावणेसहा. कुणाच्या कोपराने मोजू?

---

साडेपाचफुटी

जो जास्त वेळ उभा राहतो त्याच्या. दुसऱ्यासाठी एखादा वेगळ्या उंचीचा तुकडा ठेवा, खिडकीखाली किंवा टेबलाला जोडून. पायाखाली पाट घेऊन काम करायची सवय लावू नका, गरम भांडं हातात असताना तोच पाट विसरायला होतो.

---

लंबक

मांडणीबद्दल थोडं. शेगडी, सिंक आणि फ्रिज या तिघांचा त्रिकोण धरून आखणी करायची पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रुळली. त्रिकोणाची प्रत्येक बाजू साधारण ४ ते ९ फूट, तिन्हींची बेरीज १३ ते २६ फूट. त्याआधी १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टमधल्या सरकारी घरांसाठी जे स्वयंपाकघर आखलं ते जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं होतं. आगगाडीच्या डब्यातलं छोटं स्वयंपाकघर बघून त्यांनी जागेचा हिशेब मांडला होता. अशी सुमारे दहा हजार बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची आजीच ती.

पण ते आखलं होतं एकटीने काम करण्यासाठी. दुसरं माणूस आत शिरलं की धक्काबुक्की. त्रिकोणाचंही तेच, तो एका माणसाची पावलं मोजतो. तुमच्याकडे दोघं मिळून करत असाल तर त्रिकोण बाजूला ठेवा आणि एवढंच बघा : एक जण सिंकपाशी असताना दुसऱ्याला त्याच्यामागून गरम भांडं घेऊन जावं लागतं का? लागत असेल तर मांडणी चुकली.

---

निळी_छत्री

भिंत पाडून स्वयंपाकघर खुलं करायचा विचार आहे का? आम्ही केलं. गप्पा होतात, उजेड आला, हे खरं. सोफ्याच्या कापडाला तळणाचा वास लागलाय तोही खरा.

---

फरशीखाली

कुठलीही भिंत पाडायच्या आधी ती भार घेणारी आहे का ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बघून घ्या. गवंड्याला विचारू नका. तो भिंतीवर दोन टिचक्या मारतो आणि "काही होत नाही" म्हणतो.

बाकी खुलं करणार असाल तर चिमणी बाहेर हवा फेकणारीच घ्या. पाइप नसलेली चिमणी तीच हवा गाळून परत खोलीत सोडते. तेल थोडं अडतं, वाफ आणि उष्णता आहे तिथेच राहते. पाइप जितका सरळ आणि आखूड तितकं बरं, प्रत्येक काटकोनी वळणाला ओढ कमी होते.

न्हाणीघरावर रात्री सविस्तर लिहितो, आत्ता साइटवर आहे.

---

खिडकीपाशी

ओटाबदलू, "सात वाजता भिंत कोमट लागते" हे तुम्ही फार मोलाचं लिहिलंय. कुठली दिशा? पश्चिम असणार.

काँक्रीट आणि वीट दिवसभर ऊन पितात आणि काही तासांनी ते आत सोडतात. म्हणजे तुम्ही झोपायला जाता तेव्हा दुपारचं ऊन खोलीत पोचतं. एसी लावता तेव्हा तुम्ही हवा थंड करत नसता, भिंत आणि स्लॅब थंड करत असता.

क्रम असा धरा. सगळ्यात आधी गच्ची. वरच्या मजल्याला सगळ्यात जास्त ऊन छपरातून येतं, कारण उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो. ताजा पांढरा परावर्तक लेप पडलेल्या उन्हाचा बराच मोठा भाग परत फेकतो, गडद गच्ची तेच ऊन गिळते. मात्र धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, म्हणून गच्ची अधूनमधून धुवायची. लेपाआधी तडे बुजवून वॉटरप्रूफिंग करा, नाहीतर ओलीवर पांढरा रंग होईल आणि वर्षभरात पापुद्रे.

मग पश्चिमेची खिडकी. इथे लोक हमखास चुकतात, आतून जाड पडदे लावतात. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, की ती उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर जात नाही. अडवायचं तर काचेच्या बाहेर : बांबूचा पडदा, झडपा, वेल, काहीही. आणि पश्चिमेला आडवा छज्जा फारसा कामाचा नाही, संध्याकाळचा सूर्य खाली उतरून छज्ज्याखालून डोकावतो. तिथे उभा आडोसा हवा.

---

ओटाबदलू

हो, पश्चिमच! आणि जाड पडदेच लावलेत. दोन थरांचे. 🤦

---

तिरकस

दोन थरांत तापलेले पडदे. म्हणजे खोलीत रेडिएटर लावलाय तुम्ही.

---

फरशीखाली

आलो. आता न्हाणीघर. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

न्हाणीघराचा खर्च फरशीच्या वर दिसतो आणि दुखणं फरशीच्या खाली असतं. ओटाबदलू, कोपऱ्यात पाणी साचतं म्हणजे उतार चुकलाय. भिंतीला ओल येते म्हणजे वॉटरप्रूफिंग गेलंय किंवा पाइप झिरपतोय. नवी फरशी जुन्या फरशीवर चिकटवून देतो असं सांगणारा भेटेल. स्वस्त, धूळ नाही, चार दिवसांत काम. तुमच्या घरात हे अजिबात करू नका. ओल आत कोंडून वर झाकण घालणं आहे ते.

सगळं उकरा. मग पाइपलाइन. भिंत बुजवायच्या आधी सगळ्या तोंडांना बूच लावून पाण्याचा दाब देऊन ठेवायचा, निदान काही तास, आणि दाबमापकाचा काटा बघायचा. काटा उतरला तर कुठेतरी जोड सुटलाय. हे भिंत उघडी असताना दहा मिनिटांत सापडतं, नंतर सापडायला फरशी फोडावी लागते.

यानंतर एक फुकटचं काम. उघड्या भिंतींचे फोटो काढा. नुसते नाहीत, मोजपट्टी भिंतीला लावून. एक आडवी कोपऱ्यापासून, एक उभी जमिनीपासून. प्रत्येक भिंतीचा समोरून एक. दहा वर्षांनी टॉवेलची दांडी लावायला कुणी ड्रिल घेऊन आला की हे फोटो उपयोगी पडतात.

वॉटरप्रूफिंग जमिनीपुरतं करून थांबू नका, भिंतीवर चढवा, शॉवरच्या भागात तर डोक्याच्या वर. लेप सुकला की जाळीचं तोंड बंद करून दीड-दोन इंच पाणी भरून ४८ तास ठेवायचं. पाण्याच्या पातळीला पेन्सिलने खूण करायची. इथे गवंडी म्हणेल, "पाणी थोडं उडून जातंच हो." बरोबर आहे, जातं. म्हणून शेजारी एक बादली भरून ठेवायची आणि तिच्यावरही खूण करायची. दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं तर ते वाफेने गेलं. जमिनीवरचं जास्त उतरलं तर ते खाली चाललंय.

उतार : १ ला ८०. म्हणजे दीड मीटरला जवळपास २ सेंटिमीटर. याहून जास्त दिला तर स्टूल डुगडुगतं, कमी दिला तर साबणाचं पाणी रेंगाळतं. फरशी पक्की बसण्याआधी मग्गाभर पाणी लांबच्या कोपऱ्यात ओतून बघायचं, सगळं जाळीपर्यंत जायला हवं.

---

निळी_छत्री

फरशीखाली, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

फरशीखाली

एक राहिलंच. वास. जाळीखालच्या वळणात जे पाणी अडून राहतं तेच गटाराची हवा वर येऊ देत नाही. ही युक्ती १७७५ पासूनची आहे, अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने संडासाच्या पाइपाला एसच्या आकाराचं वळण देऊन पेटंट घेतलं होतं. पाहुण्यांचं न्हाणीघर महिनोन्महिने वापरलं नाही की ते पाणी उडून जातं आणि वास सुटतो. लोक फिनेल ओततात. नुसतं एक तांब्या पाणी पुरतं.

---

निळी_छत्री

आमच्या न्हाणीघराची गोष्ट सांगते. चकचकीत काळी फरशी घेतली होती, हौसेने. पहिल्या महिन्यात साबणाचे पांढरे डाग, दुसऱ्या महिन्यात मी घसरले. मनगट दुखावलं, थोडक्यात निभावलं.

मग शिकले. फरशीच्या घसरणीला आर ९ ते आर १३ अशी प्रत असते, जर्मन चाचणीवरून आलेली. तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवून बघतात. आर ९ म्हणजे पकड सगळ्यात कमी. न्हाणीघराला निदान आर १०, शॉवरखाली आर ११ बघा. आणि लहान आकाराची फरशी घ्या, सांधे जास्त म्हणजे पायाला पकड जास्त. शिवाय लहान फरशीला चारी बाजूंनी उतार देता येतो, मोठी फरशी एकाच दिशेला कलते.

अजून एक : आज गरज नसली तरी कमोडजवळ आणि शॉवरजवळ भिंतीत आधाराच्या दांडीसाठी भक्कम जागा करून ठेवा. पोकळ किंवा हलक्या भिंतीत आतून प्लायचा जाड तुकडा बसवायचा. दांडी नंतर लावा. दार बाहेर उघडणारं करा, आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं.

---

लंबक

शेवटच्या वाक्याला +१११. आमच्याकडे असं झालं होतं. दार बिजागरीतून काढावं लागलं.

---

चौकटबाहेर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

चौकटबाहेर

चुकून दोनदा पडला होता. विचारायचं असं की आमच्या न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा आहे, चालतोही, तरी छताला काळी बुरशी. पंखा बदलू का?

---

खिडकीपाशी

आधी दाराखाली बघा. फट आहे का? पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी आत यायला वाट लागते. दार घट्ट असेल तर पंखा नुसता फिरतो. चाचणी सोपी आहे : दार बंद, पंखा चालू, टिश्यू पेपरचा तुकडा पंख्याच्या जाळीला धरा. चिकटत नसेल तर दार चार बोटं उघडा. आता चिकटला, तर पंखा ठीक आहे, दाराखालून दोनेक सेंटिमीटर कापून घ्या. आणि आंघोळीनंतर अर्धा तास पंखा चालू राहू द्या.

---

चौकटबाहेर

अर्ध्या तासात केलं. कागद दार उघडल्यावर टच्चकन चिकटला! सुताराला फोन करतोय.

---

लंबक

बुरशीवरून आठवलं. आम्ही खिडक्या बदलल्या, रबर लावलेल्या, अगदी हवाबंद. आवाज गेला, धूळ गेली. थंडीत कपाटाच्या मागे बुरशी आली! आधी फटींतून घरातली दमट हवा बाहेर जायची, आता ती थंड भिंतीवर जाऊन बसायला लागली. जुन्या घरात खिडकी घट्ट केली तर हवा खेळायची वेगळी सोय करावी लागते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, रोज सकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं उघडतो, आता ठीक आहे.

जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ मध्ये लोक राहायला आले ते पहिलं 'पॅसिव्ह हाउस' (अगदी कमी ऊर्जेत ऊबदार राहणारं घर) इतकं घट्ट बांधलं होतं की त्यात यांत्रिक वायुवीजन असणं भागच होतं. त्यांच्या मानकात घर तापवायला वर्षाला चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १५ युनिट चालतात. पण घट्टपणा आणि वायुवीजन ही जोडी आहे. आपण त्यातलं अर्धंच उचलतो.

---

साडेपाचफुटी

अवांतर : वीज वाचवायची म्हणून आम्ही थेट सौर पॅनेल लावायला निघालो होतो. बरं झालं थांबलो.

---

खिडकीपाशी

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. आधी खप कमी करा, मग पॅनेल मोजा. जुना पंखा ७०-८० वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा तेवढ्याच वाऱ्याला साधारण ३०. घरातले पाच पंखे बारा-बारा तास चालत असतील तर हा फरक रोजचे जवळपास तीन युनिट होतो.

गीझरचा हिशेब मांडू. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं. ६० अंशांपेक्षा खाली पाणी साठवून ठेवू नका, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो. पण ६० चं पाणी अंगावर घेतलं तर भाजतं, लहान मुलं असतील तर गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ तापमान धरून ठेवणारा घ्या. उष्णता वाया कुठे जाते? पाइपात. गीझरपासून नळापर्यंत पाऊण इंची पाइप दहा मीटर असेल तर त्यात पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी मावतं. तेवढं थंड पाणी आधी वाहू द्यायचं आणि नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी भिंतीत निवत पडतं. गीझर वापराच्या जवळ, पाइप आखूड, वर उष्णतारोधक नळी. भिंत उघडी आहे तोवरच हे जमतं.

---

तिरकस

एवढं शास्त्र झालं तरी स्वयंपाकघराचा रंग ठरलेला नाही याची नोंद घ्यावी.

---

ओटाबदलू

😀 रंग खरंच विसरलो. दिव्यांचं काय करू? सध्या छताच्या मधोमध एक ट्यूब आहे.

---

साडेपाचफुटी

ती तुमच्या पाठीमागे राहते आणि तुमचीच सावली विळी-सुरीवर पडते. वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा. मागच्या कडेला लावलीत तर फक्त टाइल्स उजळतात. वायर आत्ताच काढून ठेवा.

ओट्याखाली दारांची कपाटं कमी, ड्रॉवर जास्त. कपाटात मागचं भांडं काढायला गुडघ्यावर बसावं लागतं, ड्रॉवर वरून दिसतो. पैसे कमी असतील तर शटरचं लॅमिनेट साधं घ्या, पण सिंकखालचं प्लाय जलरोधकच घ्या आणि कापलेल्या कडा सगळ्या बंद करून घ्या, मागच्या आणि खालच्याही. पाणी तिथूनच शिरतं आणि प्लाय फुगतं.

---

ओटाबदलू

*(चार महिन्यांनंतर)*

धागा वर काढतोय. काम संपत आलंय.

गच्चीचा लेप आधी केला. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूचा पडदा. हे दोनच केले आणि महिनाभर थांबलो. खोली थंड झाली असं म्हणणार नाही, पण एसी आता झोपताना लावतो, आधी सहापासून लावायचो.

ओटा पुस्तकांवर ठरला. अडीच इंच वर गेला. सुतार म्हणाला, फार उंच होतोय. त्यालाच उभं करून कांदा चिरायला लावला, मग काही बोलला नाही.

न्हाणीघराची मात्र रड. पाणी भरलं, बादली ठेवली, दोन्हीकडे खुणा. दुसऱ्या दिवशी बादली केसभर उतरलेली, जमिनीवरचं पाणी बोटभर. ठेकेदार म्हणाला, बाष्पीभवन. मी बादली दाखवली. तो म्हणाला, बादलीचं तोंड लहान असतं. दहा मिनिटं मलाही ते पटलं होतं!

---

फरशीखाली

तोंड लहान असो की मोठं, दोन्हीकडची हवा तीच असेल तर पातळी साधारण सारखीच उतरते. पाणी कमी उडतं ते तोंड लहान म्हणून, पण भरलेलंही तेवढ्याच प्रमाणात कमी असतं. बोटभर आणि केसभर हा फरक बाष्पीभवनाचा नाही. कुठे सापडलं? जाळीच्या कडेला?

---

ओटाबदलू

अगदी तिथेच. जाळीचा पाइप आणि कोबा यांच्या मधली गोल फट नीट भरलीच नव्हती, वरून नुसता लेप फिरवला होता. तेवढा भाग उकरून भरला, पुन्हा लेप, पुन्हा ४८ तास. दुसऱ्यांदा दोन्ही खुणा बरोबरीने उतरल्या. काम आठ दिवस लांबलं आणि ठेकेदार अजून माझ्याशी धड बोलत नाही.

---

निळी_छत्री

रुसू दे. फरशी कुठली घेतलीत?

---

ओटाबदलू

लहान चौकोनी, आर ११, मळखाऊ राखाडी. दार बाहेर उघडतं. स्वयंपाकघर शेवटी पांढरंही नाही आणि हिरवंही नाही, दुकानात जे लॅमिनेट शिल्लक होतं ते.

---

तिरकस

आणि फोटो? चार महिने वाट बघतोय.

---

ओटाबदलू

तयार झालेल्या घराचे अजून काढलेच नाहीत. आहेत ते उघड्या भिंतींचे, मोजपट्टीसकट, सतरा. काल टॉवेलची दांडी लावायला माणूस आला, पेन्सिलने खूण करून ड्रिल टेकवलंसुद्धा. त्याला थांबवून मोबाइलवर ती भिंत दाखवली. गरम पाण्याचा पाइप बरोबर त्या खुणेखालून जात होता. दांडी चार बोटं डावीकडे लागली आहे, आरशाच्या मधोमध येत नाही.